भोकरच्या आमदाराने गोदावरी अडवली : हेडमास्तर शंकरराव चव्हाणांची गोष्ट

महाराष्ट्राच्या राजकारणात एक मजेशीर गणित आहे. मराठवाड्यानं राज्याला आजवर चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. आता यांची गावं बघा. निलंगेकर आणि विलासराव लातूर जिल्ह्यातले, दोन्ही चव्हाण नांदेडचे. म्हणजे मराठवाड्याच्या वाट्याला मुख्यमंत्रीपद जेव्हा जेव्हा आलं ते या शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांतच.

यातला पहिला माणूस म्हणजे शंकरराव चव्हाण. आजच्या पिढीला ते बहुतेक अशोक चव्हाणांचे वडील म्हणून माहितीयेत. फार तर बाबरी पडली तेव्हाचे गृहमंत्री म्हणून. पण धरणाच्या पाण्यावरून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटला, किंवा बाभळी बंधाऱ्याची दारं उघडली म्हणून धर्माबादचा शेतकरी चिडला, की त्या भांडणाच्या मुळाशी शंकररावांच्या काळात झालेले निर्णय सापडतात.

आणि हे सगळं त्यांनी केलं ते भोकरसारख्या एका आडबाजूच्या ग्रामीण मतदारसंघाच्या जोरावर. त्यामुळं प्रश्न असा पडतो की एखाद्या खेड्यापाड्यातल्या मतदारसंघानं राज्याला एवढा मोठा नेता दिला, तर त्या मतदारसंघाला बदल्यात नेमकं काय मिळतं ? शंकररावांची गोष्ट वाचली की याचं उत्तर मिळतं, पण ते सरळ नाही.

सुरवातीपासून बघू.

पैठणचा पोरगा, उमरखेडचा कॅम्प

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० चा, पैठणचा. घर शेतकऱ्याचं, परिस्थिती बेताची. पैठण म्हणजे संत एकनाथांचं गाव, गोदावरीच्या काठावरचं. पण नदी उशाला असली तरी आजूबाजूची शेती पावसाच्या भरवशावर. हे चित्र पुढं त्यांच्या अख्ख्या राजकारणाचा विषय होणार होतं.

त्या काळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळेत आणि कचेरीत उर्दू, घरात मराठी. शंकररावांनी शिक्षण घेतलं आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून वकिलीची पदवी मिळवली. वकिली करून आरामात जगता आलं असतं. पण तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली संस्थान मुक्तीचा लढा पेटला होता आणि मराठवाड्यातली शिकलेली पोरं त्यात उतरली होती. शंकररावही उतरले.

या लढ्यात सीमेवरच्या कॅम्पांना फार महत्त्व होतं. विषय साधा होता. पैनगंगेच्या अलीकडं निजामाची हद्द, पलीकडं वऱ्हाड. वऱ्हाडात निजामाचे पोलीस आणि रझाकार यांना कायद्यानं हात घालता यायचा नाही. त्यामुळं कार्यकर्ते पलीकडं कॅम्प टाकायचे आणि तिथून संस्थानातल्या हालचाली चालवायचे. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या उमरखेडला असाच एक कॅम्प होता. तरुण शंकररावांनी तिथं काम केलं.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. लढा संपला आणि कार्यकर्त्यांपुढं प्रश्न आला, आता पुढं काय ? काही जण आपापल्या घरी गेले, काही डाव्या पक्षांत गेले, बरेच जण काँग्रेसमध्ये राहिले. शंकररावांनी नांदेडमध्ये काँग्रेसचं काम धरलं. पक्षाची संघटना, सहकारी बँक, असं करत करत ते जिल्ह्यात रुळले. जन्म पैठणचा असला तरी राजकारणाची जमीन नांदेडची झाली ती अशी.

पहिल्याच डावात हार

१९५२ ला देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. नांदेड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. शंकरराव उभे राहिले आणि पडले.

पण त्यांनी मैदान सोडलं नाही. नांदेड नगरपालिकेत ते अध्यक्ष झाले. इथं त्यांना कारभार शिकायला मिळाला. नळ, गटार, रस्ता, कर, हिशोब. पुढं त्यांना जे हेडमास्तर म्हणून ओळखलं गेलं, त्या स्वभावाची ओळख नांदेडकरांना इथंच झाली असणार.

१९५६ ला भाषावार राज्यरचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. लातूर तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, उस्मानाबादचा भाग होता. तो वेगळा झाला १९८२ ला.

लगेच १९५७ ची निवडणूक आली. शंकरराव धर्माबादमधून आमदार झाले. हे धर्माबाद लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

या निवडणुकीत एक मोठी गोष्ट घडली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. समितीनं जागाच्या जागा मारल्या. यशवंतराव चव्हाणांचं सरकार वाचलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या आमदारांमुळं. साहजिकच या भागातल्या नव्या पोरांना संधी मिळाली. शंकरराव पहिल्याच टर्मला उपमंत्री झाले.

त्यांचं आणि यशवंतरावांचं आडनाव एक असलं तरी दोघांचं नातं नव्हतं. एक कराडचे, एक नांदेडचे.

पाटबंधारे खातं कशाला ?

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि शंकरराव पाटबंधारे आणि वीज खात्याचे मंत्री झाले. ६० चं दशक त्यांनी मुख्यतः याच खात्यात घालवलं. मुख्यमंत्री बदलले, यशवंतराव दिल्लीला गेले, कन्नमवार आले, वसंतराव नाईक आले, पण पाणी म्हटलं की शंकरराव हे समीकरण झालं.

मंत्र्याला एखादं खातं इतकी वर्षं चिकटून राहणं सोपं नसतं. त्यात मराठवाड्याच्या नेत्याकडं स्वतःची ताकद कमी. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने होते, सहकारी बँका होत्या, ब्रिटिशांच्या काळातले कालवे होते. निजामाच्या राज्यात मराठवाड्याला यातलं जवळपास काहीच मिळालं नव्हतं. आजही विधानसभेच्या २८८ पैकी मराठवाड्याच्या जागा ४६ च आहेत. म्हणजे आकड्याच्या जोरावर काही मागून मिळणार नाही, हे उघड होतं.

शंकररावांनी ओळखलं की मराठवाड्याला पुढं यायचं असेल तर आधी पाणी पाहिजे. पाणी आलं की ऊस येतो, उसामागं कारखाना येतो, कारखान्यामागं पैसा आणि त्यामागं राजकीय ताकद. पश्चिम महाराष्ट्राचं मॉडेल त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

यातून उभं राहिलं जायकवाडी.

आता या धरणाच्या नावाची गंमत बघा. धरण पैठणला आणि नाव जायकवाडी. कारण निजामाच्या राज्यातली मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती. पुढं अभ्यास होऊन जागा वरच्या अंगाला पैठणला सरकली, पण कागदावर नाव पडलं ते पडलंच. १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. जलाशयाला नाव मिळालं नाथसागर.

धरण छोटं नव्हतं. एकूण साठा १०० टीएमसीच्या वर, त्यात वापरायचं पाणी साधारण ७६ टीएमसी. २७ दरवाजे. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, औरंगाबाद, जालना करत परभणीपर्यंत जाणारा. उजवा कालवा १३२ किलोमीटरचा, बीडकडं जाणारा.

एका शेतकऱ्याच्या पोरानं आपल्या जन्मगावात गोदावरी अडवली, ही गोष्ट सांगायला भारी वाटते. पण त्याची किंमतही होती. शंभरावर गावं पाण्याखाली गेली. पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव भागातल्या काळ्या जमिनी गेल्या, लोक उठले. धरणाचा फायदा खालच्याला आणि तोटा वरच्याला, हा हिशोब तिथल्या लोकांच्या मनात कायम राहिला.

भोकर काय भानगड आहे ?

धर्माबादनंतर शंकररावांचा मतदारसंघ झाला भोकर. ते मंत्री असताना, मुख्यमंत्री असताना आणि पद गेल्यावरही भोकरनं त्यांना विधानसभेत पाठवलं.

भोकर नांदेडपासून पूर्वेला, तेलंगणाच्या सीमेला लागून. मुदखेडवरून आदिलाबादला जाणारी रेल्वे इथून जाते. बाजारात मराठीच्या जोडीनं तेलुगू ऐकू येते. तांडे आहेत, आदिवासी वस्त्या आहेत. जमीन चढउताराची, बरीचशी कोरडवाहू.

अशा मतदारसंघात निवडणूक कशी चालते, हे गावाकडच्यांना सांगायची गरज नाही. इथं मतं जाहीरनाम्यावर पडत नाहीत. सोसायटीचा चेअरमन कोण, बाजार समिती कुणाकडं, झेडपीचा सदस्य कुणाचा, शाळा कुणाच्या संस्थेची, यावर गाव कुठं झुकणार ते ठरतं. आमदाराचं काम म्हणजे ही साखळी सांभाळणं. लग्नाला येणं, मयताला येणं, बदली करून देणं, ऑर्डर काढून देणं.

शंकररावांची अडचण इथंच होती. स्वभाव कडक, शिस्तीचा. वेळ पाळायची, कागद वाचायचा, नियमात बसलं तर काम करायचं, नाही बसलं तर तोंडावर नाही म्हणायचं. खांद्यावर हात टाकून कार्यकर्त्याला खूश करणं त्यांना जमणारं नव्हतं. तरीही ते निवडून येत राहिले. कारण राज्याच्या मंत्रिमंडळात आपला माणूस बसलाय, ही गोष्ट इतकी वर्षं निजामाच्या राज्यात राहिलेल्या भागासाठी मोठी होती.

पण अख्खा नांदेड जिल्हा त्यांच्या खिशात होता असं समजू नका. कंधारला शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे होते. हा गडी एकदम उलट टोकाचा. रांगडी भाषा, सभा गाजवणारा, आंदोलनं करणारा. १९५७ पासून कंधारनं त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. एका बाजूला फाईलवर बारीक अक्षरात शेरे मारणारा मंत्री आणि दुसऱ्या बाजूला सभागृह डोक्यावर घेणारा आमदार. नांदेडचं राजकारण कितीतरी वर्षं या दोन टोकांमध्ये फिरलं.

मुख्यमंत्री झाले आणि आणीबाणी आली

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राला हलवून गेला. १९७४ ला मराठवाड्यात विकासाच्या मागणीवर विद्यार्थी आणि तरुण रस्त्यावर आले. नोकऱ्या, रेल्वे, पाणी, सगळ्यात अन्याय झाल्याची भावना होती. ११ वर्षं मुख्यमंत्री असलेल्या वसंतराव नाईकांविरोधात पक्षातही हवा तयार झाली होती. इंदिरा गांधींनी बदल करायचं ठरवलं आणि २१ फेब्रुवारी १९७५ ला शंकरराव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याला पहिल्यांदा हे पद मिळालं.

चारच महिन्यात आणीबाणी लागली.

त्यामुळं त्यांच्या पहिल्या कारकिर्दीचे दोन हिशोब मांडावे लागतात. एकीकडं प्रशासनाला शिस्त लागली. अधिकारी वेळेवर यायला लागले, फायली हलायला लागल्या. सचिवालयाचं नाव बदलून मंत्रालय झालं ते याच काळात. सरकार सचिवांचं नसून लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचं आहे, हा त्यामागचा विचार. हेडमास्तर हे नाव पक्कं झालं ते तेव्हाच.

दुसरीकडं विरोधक तुरुंगात होते, पेपरवर सेन्सॉर होता आणि राज्य सरकार दिल्लीच्या आदेशावर चालत होतं. शंकररावांची इंदिरा गांधींवरची निष्ठा सगळ्यांना माहीत होती. या काळातल्या निर्णयांची जबाबदारी मुख्यमंत्री म्हणून त्यांच्याकडंही जाते, ती शिस्तीच्या कौतुकात झाकून जात नाही.

पण पाण्याच्या बाबतीत याच दोन वर्षांत दोन मोठ्या गोष्टी झाल्या.

पहिली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडीचं उद्घाटन झालं. पायाभरणीला पाटबंधारे मंत्री असलेले शंकरराव उद्घाटनाला मुख्यमंत्री होते.

दुसरी गोष्ट तेव्हा फार कुणी लक्षात घेतली नाही, पण ती जास्त महत्त्वाची निघाली. गोदावरीच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशात वाद होता आणि लवादाचं काम चालू होतं. ६ ऑक्टोबर १९७५ ला दोन्ही राज्यांत करार झाला. ढोबळमानानं सांगायचं तर पैठणच्या वर गोदावरीचं जेवढं पाणी येतं ते सगळं महाराष्ट्रानं वापरावं. पण पैठणच्या खाली, आंध्रातल्या पोचमपाड धरणापर्यंतच्या पट्ट्यात महाराष्ट्रानं नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपेक्षा जास्त पाणी घेऊ नये. पूर्णा आणि मांजरा या उपनद्यांवरही अशीच रेष मारली गेली. १९८० च्या लवादाच्या निवाड्यात हा करार पक्का झाला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पैठणच्या खाली आणि पोचमपाडच्या वर नदीकाठी कोण येतं ? परभणी आणि नांदेड. म्हणजे मराठवाड्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्याच्या काळात झालेल्या कराराची मर्यादा पडली ती त्यांच्याच जिल्ह्यावर. राज्याच्या दृष्टीनं करार फायद्याचा होता, वरचं सगळं पाणी हक्काचं झालं होतं. पण नांदेडचा शेतकरी नदीकाठी बसून मोजकं पाणी घेणार, हेही त्यातच ठरलं.

पडले, बाहेर गेले, परत आले

१९७७ ला लोकांनी आणीबाणीचा राग काढला. महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी २० च जागा मिळाल्या. नांदेडची लोकसभा कुणी जिंकली ? शेकापच्या केशवराव धोंडग्यांनी. मुख्यमंत्र्याच्या घरच्या जिल्ह्यात पक्ष आपटला होता. शंकररावांना पायउतार व्हावं लागलं आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले.

त्यानंतर शंकररावांनी जे केलं ते त्यांच्या प्रतिमेशी जुळत नाही. आयुष्यभर पक्षाची शिस्त पाळलेला हा माणूस काँग्रेसमधून बाहेर पडला आणि महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस नावाचा पक्ष काढला. १९७८ च्या विधानसभेत ते भोकरमधून निवडून आले. त्याच वर्षी शरद पवारांनी पुलोदचं सरकार बनवलं आणि माजी मुख्यमंत्री शंकरराव आपल्यापेक्षा २० वर्षांनी लहान मुख्यमंत्र्याच्या हाताखाली मंत्री झाले.

भोकरच्या बाजूनं बघितलं तर ही निवडणूक महत्त्वाची आहे. पद गेलं होतं, पक्षात किंमत उरली नव्हती. अशा वेळी आमदारकीही गेली असती तर शंकररावांचं राजकारण तिथंच थांबलं असतं. भोकरनं त्यांना टिकवलं.

१९८० ला इंदिरा गांधी परत आल्या आणि शंकररावही त्यांच्याकडं परत गेले. यावेळी नांदेडमधून खासदार. दिल्लीत त्यांना एकापाठोपाठ एक मोठी खाती मिळाली. शिक्षण, मग नियोजन आणि नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद, मग संरक्षण, मग राजीव गांधींच्या सरकारात गृह.

दुसऱ्यांदा मुख्यमंत्री

१९८६ ला महाराष्ट्रात गुणवाढीचं प्रकरण गाजलं. हायकोर्टाच्या ताशेऱ्यांनंतर निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं. दिल्लीनं गृहमंत्री शंकररावांना परत मुंबईला पाठवलं. लातूर जिल्ह्यातला मुख्यमंत्री गेला आणि नांदेडचा आला. त्यांच्या मंत्रिमंडळात लातूरचे तरुण मंत्री होते विलासराव देशमुख.

या कारकिर्दीत त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. म्हणजे काय ? तर एखाद्या योजनेला गेल्या वर्षी पैसे दिले म्हणून यंदाही थोडे वाढवून द्यायचे, असं नाही. दरवर्षी शून्यापासून सुरवात करायची, योजना गरजेची आहे हे खात्यानं सिद्ध करायचं, तरच पैसा. असा प्रयोग करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. कल्पना हेडमास्तरांना शोभणारी होती, पण आमदारांना आणि खात्यांना ती कितपत आवडली असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

इकडं नांदेडची लोकसभा रिकामी झाली होती. १९८७ ला पोटनिवडणूक लागली. काँग्रेसचे उमेदवार होते शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण आणि समोर होते प्रकाश आंबेडकर. अशोकराव जिंकले. नांदेडच्या राजकारणात दुसरी पिढी आली ती इथून.

पण मुख्यमंत्रीपद यावेळीही टिकलं नाही. १९८६ च्या शेवटी शरद पवार काँग्रेसमध्ये परत आले होते आणि जून १९८८ ला तेच मुख्यमंत्री झाले. शंकरराव देशाचे अर्थमंत्री म्हणून दिल्लीला गेले. दोन वेळा मुख्यमंत्री होऊनही एकदाही पाच वर्षं पूर्ण झाली नाहीत. मोठ्या कारखानदारांची लॉबी नाही, आमदारांचा स्वतःचा गट नाही. दिल्लीनं बसवलं आणि दिल्लीनं उठवलं. छोट्या ग्रामीण मतदारसंघातून आलेल्या, आकड्यांची ताकद नसलेल्या नेत्याची ही मर्यादा होती.

१९८९ ला तर नांदेडची लोकसभाही गेली. जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काबदे निवडून आले.

६ डिसेंबर

१९९१ ला नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि शंकरराव पुन्हा गृहमंत्री. तोवर ते राज्यसभेत गेले होते. पाच वर्षं ते या खात्यात राहिले आणि ही पाच वर्षं देशाच्या इतिहासातली अत्यंत कठीण होती.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्याआधी गृह मंत्रालयात केंद्रानं वास्तूचा ताबा घेण्याची योजना तयार होती. गृहसचिव होते मराठी अधिकारी माधव गोडबोले. पण राष्ट्रपती राजवट लावून ताबा घेण्याचा निर्णय राजकीय पातळीवर झालाच नाही. अंतिम शब्द पंतप्रधानांचा होता हे खरं, पण गृहमंत्री म्हणून टीकेचा वाटा शंकररावांकडंही आला. आयुष्यभर प्रशासनावरच्या पकडीसाठी ओळखला गेलेला माणूस सगळ्यात मोठ्या कसोटीच्या वेळी नियमांच्या चौकटीत अडकून राहिला, असा ठपका त्यांच्यावर कायमचा बसला.

त्यानंतर दंगली, मार्च १९९३ चे मुंबई बॉम्बस्फोट आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. देशाचा गृहमंत्री मराठवाड्याचा होता आणि ढिगाऱ्याखाली मराठवाडाच होता.

१९९६ ला सरकार गेलं आणि शंकरराव हळूहळू सक्रिय राजकारणातून बाजूला झाले. २६ फेब्रुवारी २००४ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग भोकरला मिळालं काय ?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ.

सगळ्यात मोठं काम जायकवाडी. पण त्या कालव्यांचं पाणी भोकरच्या शेतात आलं नाही. ते बीड, जालना, परभणीकडं गेलं. मंत्र्यानं आधी आपल्या मतदारसंघात योजना न्यायची असते, हा राजकारणाचा साधा नियम शंकररावांनी पाळला नाही. याला मोठेपणा म्हणायचं की भूगोलाची मजबुरी, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

नांदेड जिल्ह्यासाठी मात्र दोन मोठे प्रकल्प झाले. एक, पैनगंगेवरचं इसापूर धरण, म्हणजे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प. दुसरा, नांदेडजवळ गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प. इथं पाणी पंपानं उचलून कंधार-लोह्याच्या उंच भागाकडं नेलं जातं. नांदेड शहराची तहानही यावरच भागते. जलाशयाचं नाव शंकरसागर. आणि विष्णुपुरीला आज जे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्यालाही शंकररावांचंच नाव आहे.

इसापूरच्या कालव्यानं अर्धापूर भागाचा चेहरा बदलला. अर्धापूरची केळी आज बाहेरच्या राज्यात जातात. ऊस वाढला आणि तालुक्यात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. नाव भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना. भाऊराव म्हणजे शंकररावांचे वडील. पाणी, मग ऊस, मग कारखाना, मग राजकीय ताकद, ही साखळी इथं पूर्ण झाली. फक्त ती ताकद वापरली पुढच्या पिढीनं.

मतदारसंघाच्या पुनर्रचनेत जुना मुदखेड मतदारसंघ गेला, जिथून अशोक चव्हाण १९९९ आणि २००४ ला निवडून आले होते. २००९ पासून भोकर, मुदखेड आणि अर्धापूर हे तीन तालुके मिळून नवा भोकर मतदारसंघ झाला. म्हणजे अर्धापूरचा कालव्याचा पट्टा आणि भोकरचा कोरडवाहू भाग एकत्र आले. मधली कितीतरी वर्षं भोकरमध्ये चव्हाण घराण्यातलं कुणी उभं नव्हतं, डॉ. माधवराव किन्हाळकरांसारखे नेते तिथून निवडून जात होते. २००९ ला अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना भोकरमधून लढले आणि जिंकले. बाप-लेक दोघंही मुख्यमंत्री झाल्याचं महाराष्ट्रातलं हे एकमेव उदाहरण आणि दोघांचाही मतदारसंघ भोकर. २०१४ ला अमिता चव्हाण, २०१९ ला परत अशोक चव्हाण. २०२४ ला अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांची मुलगी श्रीजया चव्हाण भोकरमधून भाजपच्या तिकिटावर आमदार झाली. पक्ष बदलला, घर तेच राहिलं.

पाण्याचं भांडण मात्र मिटलं नाही.

वर, जायकवाडीच्या डोक्यावर नगर आणि नाशिक जिल्ह्यात धरणं होत गेली. पैठणच्या वरचं पाणी महाराष्ट्राचं, हे करारानं ठरलं होतं. पण महाराष्ट्रात ते कुणी किती घ्यायचं, हे ठरायला २००५ चा कायदा आणि नंतरचं प्राधिकरणाचं सूत्र यावं लागलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं. पाऊस कमी झाला की दरवेळी यावरून कोर्ट आणि आंदोलनं.

खाली, धर्माबाद तालुक्यात महाराष्ट्रानं बाभळी बंधारा बांधला. तोच धर्माबाद, जिथून शंकरराव १९५७ ला पहिल्यांदा आमदार झाले. साठा जेमतेम २.७४ टीएमसी. पण आंध्र प्रदेश सुप्रीम कोर्टात गेला आणि २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल आला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची. म्हणजे पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते तेव्हा पाणी अडवायचं नाही आणि नदी उतरल्यावर दारं लावायची. त्यातही १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं.

एका माणसानं ६० च्या दशकापासून पाण्यावर काम केलं. राज्यात आणि दिल्लीत जवळपास प्रत्येक महत्त्वाचं पद बघितलं. त्यानं बांधलेल्या धरणांनी मराठवाड्याचे काही तालुके कायमचे बदलले. पण धरण बांधणं आणि त्यात पाणी येण्याचा हक्क मिळवणं, या दोन वेगळ्या लढाया असतात. पहिली लढाई एक खमक्या मंत्री जिंकू शकतो. दुसरी जिंकायला विधानसभेत आकडा लागतो, कागदावर नेमका हिस्सा लागतो आणि तो दरवर्षी मागणारे आमदार लागतात.

भोकर, धर्माबाद, नायगाव, कंधारच्या मतदारांपुढचा प्रश्न आजही तोच आहे. उमेदवार कोणत्या घरातला आणि कोणत्या पक्षाचा, हे दर निवडणुकीत ठरतं. पण गोदावरीच्या पाण्यातला आपला हिस्सा किती आणि तो आणणार कोण, हे विचारल्याशिवाय कालव्याला पाणी येत नाही.